मागच्या खोलीतला समुद्र

९ मार्च, सोमवार

आजही भिंतीकडे तोंड. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, वॉकर पलंगाला टेकवून उभा केला, आधी गोड बोलल्या, मग दटावून बघितलं. हे हूं की चूं करेनात. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "आजी, हाड जुळलंय. आता माणूस उठायला हवा. असेच पडून राहिले तर पुढे मनात आलं तरी पाय ऐकणार नाहीत."

आजी म्हटल्याचा राग आला, पण बोलणं खरं होतं. ह्यांनी जन्मभर बस चालवली. एवढ्या मोठ्या गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, आणि पडले ते घरच्या जिन्यावरून, हातात दुधाची पिशवी घेऊन. तेव्हापासून मागची खोली हेच ह्यांचं जग. एक पलंग, औषधांचं स्टूल आणि कोनाड्यातला तो जाडजूड पाठीचा टीव्ही, मी नोकरीत असताना घेतलेला.

संध्याकाळी ह्यांच्या फोनवर भिंगरीचा निरोप आला. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं. ती संशोधनाच्या जहाजावर असते. तिथून समुद्राच्या तळाला एक यंत्र सोडतात, ते ती चालवते म्हणे. मी तिच्याशी बोलत नाही. बाप हाड मोडून पडला आणि ही आली नाही. यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

निरोप असा की, पुढच्या आठवड्यात यंत्र अशा जागी उतरणार आहे जिथलं आजवर कोणी काही पाहिलेलं नाही, आणि ते त्याच क्षणी इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसणार आहे. "बाबा, बघाल का?"

ह्यांनी फोन नाकाला टेकवला. डोळ्यात मोतीबिंदू, तो पडल्यामुळे काढायचा राहिला. "मुंग्या दिसतात नुसत्या," म्हणाले आणि फोन खाली ठेवला. बऱ्याच वेळाने, जणू भिंतीलाच विचारावं तसं म्हणाले, "टीव्हीवर नाही का गं दिसणार ते?"

पडल्यापासून ह्यांनी काही मागितलेलं मला आठवत नाही. पाणीसुद्धा मी पुढे केलं तर घेतात.

"बघते," म्हटलं. ह्यांच्यासाठी. मला त्या समुद्रात काडीचा रस नाही.

१० मार्च, मंगळवार

बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "सरळ नवा घ्या ना, काकू. भिंतीवर लावला की झालं." घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नवा कशाला? मी किती दिवसांचा!"

इतक्या सहज म्हणाले. आज बाजारात काय मिळालं, हे सांगावं तसं.

मी चप्पल घालून परत दुकानात गेले. बाईंना म्हटलं, नवा नको, आहे तोच चालायला हवा. टीव्हीच्या मागे काय काय आहे, त्यांनी विचारलं. लाल, पांढरं आणि पिवळं भोक आहे, एवढं मला माहीत होतं. त्यांनी काउंटरखालून बोटाएवढी एक कांडी काढली. ही इंटरनेटवरून चित्र घेते, पण हिचं तोंड नव्या टीव्हीला बसणारं. म्हणून मध्ये काडेपेटीएवढी एक डबी. डबीतून तीन रंगांच्या वायरी निघतात, त्या जुन्या टीव्हीत जातात. "नव्याचं बोलणं जुन्याला समजावून सांगते ती," बाई म्हणाल्या.

मी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. सुरुवातीची वर्षं वायरी भोकात खुपसूनच बोलणी जोडून देत होते. कुठली वायर कुठे घालायची हे मला कोणी शिकवायला नको, असं त्यांना ऐकवून आले.

१२ मार्च, गुरुवार

नाकी नऊ आले.

टीव्ही कोनाड्यात घट्ट बसलेला. मागे हात जातो, डोळे जात नाहीत. चाचपून लाल वायर घातली, पांढरी घातली, पिवळी घातली. कांडी डबीत, डबीची वायर विजेच्या बोर्डात. टीव्ही लावला, रिमोटवरून 'एव्ही' केलं. निळा पडदा. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. निळा पडदा. मी वैतागून मोठ्याने बोलत होते, कोणाला उद्देशून ते मलाच माहीत नाही.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "आरसा आण."

"काय?"

"माझा दाढीचा आरसा. टीव्हीच्या मागे धर. जरा डावीकडे. अजून. वर कर थोडा. थांब!"

ह्यांनी उशीवरून मान उचलली होती, एक डोळा मिटून आरशात बघत होते. आरशात बघून मागचा अंदाज घेण्यात त्यांची हयात गेली. जवळची अक्षरं दिसत नाहीत, पण तेवढ्या अंतरावरून भोकांचे रंग बरोबर दिसले. "अगं, दोन ओळी आहेत तिथे. तू खालच्या ओळीत घातल्यास. खालची बाहेर जायची असणार, वरची आत यायची."

म्हणजे मी मघापासून टीव्हीच्या तोंडात घास न घालता त्याच्या तोंडातून घास काढत होते. आणि म्हणे मला कोणी शिकवायला नको!

वायरी वरच्या ओळीत घातल्या. पडदा थरथरला, काळा झाला आणि मग आतून फुलून यावं तसं रंगीत चित्र आलं. त्या जुन्या काचेत! मी काचेवर हात ठेवला तर हातावरचे केस उभे राहिले.

मागे वळून बघितलं तर ह्यांचं तोंड अजून इकडेच होतं.

१४ मार्च, शनिवार

चित्र आलं, पण इंटरनेट येईना. पडद्यावर एक गोल चक्कर मारत राहतो. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत, मध्ये भिंत आणि तिला लागून लोखंडी कपाट. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. मुलीचा आवाज दमलेला होता, पण बोलत होती समजुतीने. तिने विचारलं, "कपाट कशाचं आहे?" लोखंडाचं म्हटल्यावर म्हणाली, "लोखंडातून वायफाय जात नाही, मावशी. डबा कपाटाच्या वर ठेवा, उंच."

वर ठेवला. पासवर्ड घालताना चारदा चुकले. मग गोल थांबला आणि खोलीत संगीत सुरू झालं. कुठल्यातरी दूरच्या शहरातला रस्ता दिसू लागला, त्यावरून एक बाई छत्री घेऊन चालली होती. आत्ता, या क्षणी.

मी पस्तीस वर्षं माणसांचे आवाज इकडून तिकडे पोचवले. त्यांच्यामागे निदान तार होती, खांबावरून जाताना दिसायची. हे कशावरून येतं? माझ्या अंगातून, पलंगावरून, ह्यांच्या उशीवरून ते आत्ता वाहत असणार, आणि काही म्हणजे काही जाणवत नाही. मी बराच वेळ खोलीच्या मधोमध उभी होते.

१७ मार्च, मंगळवार

यंत्र आज उतरायचं होतं, पण वादळ आहे. जहाजावरून फक्त डेकचं चित्र येतं. करडं पाणी, करडं आभाळ आणि मध्ये हेलकावणारा कठडा. एकदा लाट कठड्यावरून आत आली.

हे झोपले होते. तरी टीव्ही दिवसभर चालू ठेवला. एकदा बंद केला तर परत लागेल की नाही, सांगता येत नाही. शिवणाचं काम घेऊन तिथेच बसले. काम फारसं झालं नाही.

पिवळा रेनकोट घातलेलं कोणीतरी दोनदा कठड्याशी येऊन गेलं. चालण्यावरून ती नव्हती.

१८ मार्च, बुधवार

आज उतरलं.

दुपारचा चहा झाल्यावर यंत्र दोरावरून पाण्यात सोडलं. आधी हिरवं पाणी, मग निळं, मग गडद निळं, मग रंग म्हणून काही उरलाच नाही. यंत्राच्या दिव्यांपुढे पांढरे कण पडत होते, संथ, हिमासारखे. हे म्हणाले, "खाली बर्फ पडतो की काय?" आणि कोणीतरी ऐकल्यासारखा टीव्हीतून आवाज आला:

"हे बर्फ नाही. वरच्या पाण्यात जे जगतं आणि मरतं, त्याचा हा चुरा आहे. तळापर्यंत पोचायला त्याला आठवडे लागतात. खाली राहणारे यावरच जगतात."

तिचा आवाज.

इस्पितळाच्या बोर्डावर बसून मी हजारो आवाज ओळखायला शिकले. घाबरलेला, खोटं बोलणारा, रडू आवरणारा, सगळे. पोटच्या मुलीचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी ती भरभर बोलते, अर्धी वाक्यं गिळते. हा आवाज शांत होता. ज्याला आपल्या हाताखाली काय आहे ते पुरतं ठाऊक आहे, अशा माणसाचा.

तीन किलोमीटर खाली जायला दुपार गेली. मग अंधारातून तळ वर आला. राखेसारखी मऊ जमीन, कोणाचाही पाय न लागलेली. त्यावर एका देठावर उभं असलेलं काचेच्या फुलासारखं काहीतरी. ते फूल नव्हतं, प्राणी होता. उजेड पडल्यावर त्याने एकेक पाकळी मिटली.

थोड्या वेळाने चित्राला हिसका बसला आणि ते तिरपं झालं. यंत्राचा दोर खडकात अडकला होता. टीव्हीतली बाकीची माणसं एकदम बोलायला लागली. ती म्हणाली, "सगळे जरा थांबा. मला बघू द्या."

पलंगाची करकर ऐकू आली. हे उशी सोडून ताठ उठून बसले होते. दोन्ही हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे. "पुढे जाऊ नकोस," पुटपुटत होते, "मागे घे. ज्या वाटेने आलीस त्याच वाटेने. हळू. पाठ फिरवू नकोस गाडीची."

चित्र हळूहळू मागे सरकलं. थोडं वळलं. पुन्हा मागे. धुरळा उडाला, बसला आणि दोर मोकळा झाला. टीव्हीत टाळ्या वाजल्या.

हे तसेच बसून होते, हात खाली यायला तयार नाहीत. म्हणाले, "माझी पोरगी आहे." मग माझ्याकडे न बघता, "तिला मीच नको म्हटलं होतं यायला. निघाली होती ती, माझ्यासाठी जहाज वळवायला वरिष्ठांशी भांडत होती. मीच म्हटलं, इतक्या माणसांचं काम माझ्या एका हाडासाठी थांबवू नकोस. तुला सांगितलं असतं, तर तू माझ्याशीही बोलली नसतीस."

मी स्वयंपाकघरात गेले. धुतलेले कप परत धुतले.

२० मार्च, शुक्रवार

काल यंत्राला विश्रांती होती. आज पुन्हा उतरलं.

बघणाऱ्यांनी प्रश्न लिहून पाठवायची सोय आहे, ते जहाजावर वाचतात आणि उत्तर देतात. हे म्हणाले, "तू विचार ना काहीतरी." म्हटलं, मला काय विचारायचंय! पण एक गोष्ट परवापासून डोक्यात घोळत होती. तळाशी एक मासा दिसला होता, त्याला हे एवढाले डोळे. ह्यांच्या फोनवर एका बोटाने लिहिलं, "इतक्या काळोखात राहणाऱ्यांना डोळे कशाला लागतात?" नाव विचारलं तिथे 'एक प्रेक्षक' असं लिहिलं.

मी चहा ठेवायला गेले तेव्हा हे फोनमध्ये काहीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. विचारलं तर म्हणाले, चुकून बटण दाबलं गेलं.

चहा घेऊन आले तोवर प्रश्न वाचून झाला होता. ती म्हणाली, "फार चांगला प्रश्न आहे. ज्या बाईंनी विचारलाय, त्यांना मी सांगत नाही, दाखवते. इथले दिवे मी बंद करणार आहे, आमच्याकडे अंधारात बघणारा कॅमेरा आहे. पण तुम्हीही खोलीचे पडदे ओढून घ्या. आणि स्वयंपाकघराचं दार लोटा, तिथून उजेड येतो."

मी बाई आहे हे हिला कसं कळलं? पण म्हटलं, असे प्रश्न बायकाच विचारत असतील. आणि आमच्याकडेही उजेड नेमका स्वयंपाकघरातूनच येतो. घरं सगळीकडे सारखीच बांधतात म्हणायची.

पडदे ओढले, दार लोटलं. टीव्ही काळाकुट्ट झाला. ह्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग एक निळी ठिणगी पेटली आणि विझली. मग दुसरी, लांबवर. मग एक अख्खी माळ, वळणं घेत, पेटत गेली. एकाने पेटायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. बघता बघता सगळा काळोख ठिणग्यांनी भरून गेला. मागच्या खोलीच्या भिंती निळ्या झाल्या, ह्यांचा चेहरा निळा झाला, माझे हात निळे झाले.

"म्हणून डोळे लागतात," ती म्हणाली. "एकमेकांना बघायला."

चहा तसाच गार झाला.

मी तिला आजवर इतकं मन लावून काही विचारलं नव्हतं आणि तिने मला इतकं मन लावून काही सांगितलं नव्हतं. तेही मी कोण हे माहीत नसताना, परक्या बाईला. तिचं वागणं चांगलं आहे लोकांशी.

२१ मार्च, शनिवार

जे घडलं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

यंत्र आज एका कड्याच्या पायथ्याशी गेलं. कड्याला खाच होती. खाचेत काहीतरी हललं. भिंगरीने यंत्र इतकं हळू नेलं की पुढे जातंय हे कळत नव्हतं. आणि ते बाहेर आलं.

ते कशासारखं होतं, हे मला लिहिता येत नाही. झिरझिरीत ओढणी वाऱ्यावर सोडावी, पण आतून दिवा लावलेली. लांबी माणसाएवढी. आतलं सगळं दिसत होतं, आणि मधोमध एक लाल ठिपका उघडझाप करत होता. हृदय असावं. ते यंत्राच्या अगदी समोर आलं आणि थांबलं. आपल्याकडे बघत होतं म्हणावं तर डोळे कुठे दिसले नाहीत.

जहाजावरचा एक म्हातारा आवाज म्हणाला, "हे काय आहे?" दुसरा म्हणाला, "माहीत नाही." आणि मग तिचा आवाज, पण कालचा नाही, घरचा, अर्धी वाक्यं गिळणारा: "हे कोणीच... म्हणजे आजपर्यंत कोणीच पाहिलेलं नाही. आपण पहिले. आत्ता बघणारे सगळे. पहिलेच."

मी. म्हणजे मीसुद्धा. केस बांधलेले नाहीत, मांडीवर अर्धवट शिवलेला अभ्रा, आणि जग झाल्यापासून जे कोणाला दिसलं नाही ते माझ्यापुढे, चार पावलांवर, त्या जुन्या काचेत. हात जोडावेत की तोंड झाकावं, कळेना.

आणि अशा वेळी मध्ये काहीतरी आडवं आलं. लाल ठिपका दिसेनासा झाला. मी ओरडले, "अहो, मध्ये उभे राहू नका! दिसत नाही मला!"

"बघू दे की गं मलाही जवळून," हे म्हणाले.

एक क्षण गेला आणि मग मला समजलं, मी काय बोलले ते.

हे टीव्हीपुढे उभे होते. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर, त्या ठिपक्याशी. पाय थरथरत होते. पलंगापासून तिथपर्यंत कधी गेले, मी पाहिलंच नाही. त्यांनाही बहुधा ठाऊक नव्हतं.

मी जागची हलले नाही. हलले तर त्यांना आठवेल, आपल्याला उभं राहता येत नाही. हळूच म्हटलं, "बघा. सावकाश बघा." त्यांच्या पाठीवरून, खांद्यांच्या कडेने, तो उजेड खोलीत येत होता. ते जे काही होतं ते आणखी थोडा वेळ तिथे राहिलं, मग वळलं आणि काळोखात निघून गेलं.

हे म्हणाले, "गेलं," आणि मग, "अगं, धर मला."

धरलं.

२२ मार्च, रविवार

सकाळी व्यायामाच्या बाई आल्या आणि ह्यांना खिडकीपर्यंत चालवत नेलं. "आजी, जादू केलीत," म्हणाल्या. आज त्या आजीचा राग आला नाही.

ते दोघं खिडकीशी असताना ह्यांचा फोन वाजला. उशीशी पडला होता. ह्यांनी तिथूनच सांगितलं, "घे ना. मला येता येत नाही," आणि बाईंकडे बघून हसले. काय विनोद झाला, कोणास ठाऊक.

मी घेतला. "मी बोलतेय," म्हटलं.

पलीकडे वारा होता, खूप. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मग, "आई? पाहिलंस?"

"पाहिलं."

यापुढे बोलायच्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ होत्या. तिच्याकडेही असणार. पण ती म्हणाली, "आई, तो लाल ठिपका पाहिलास का, थांबून थांबून उडत होता," आणि मी म्हटलं, "हो, आणि वळताना तो आधी मोठा झाला," आणि ती ओरडली, "आई! ते इथे कोणाच्या लक्षात आलं नाही! थांब, मी परत लावून बघते," आणि मग आम्ही दुसरं काही बोललोच नाही. तेच बोलत राहिलो. ती विचारत होती, मी सांगत होते. कडा कशा रंगाच्या होत्या, ते आधी कुठून हललं, आपल्याला घाबरलं असेल का. ती वाक्यं गिळत होती, मी पुरी करत होते. उभं राहून पाय दुखायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी ह्यांच्या पलंगावर बसलेही नाही.

शेवटी ती म्हणाली, "त्याला अजून नाव नाही, आई. सगळे मागे लागलेत, तूच चालवत होतीस, तूच सुचव म्हणून."

म्हटलं, "घाई करू नकोस. आधी नीट बघून घे त्याला."